रोहिणीचे पाणी आणि धर्मानंद कोसंबी

नेपाळच्या तराईतून वाहत येऊन गोरखपूरजवळ राप्तीस मिळणारी रोहिणी ही काही मोठी नदी नव्हे. भूगोलाच्या शालेय पुस्तकात तिचे नाव क्वचितच आढळेल. परंतु अडीच हजार वर्षांपूर्वी तिच्या एका तीरावर शाक्यांची शेते होती आणि दुसऱ्या तीरावर कोलियांची. एकाच बांधाने अडविलेले पाणी दोन्हीकडच्या शेतांस मिळे. पाली अट्ठकथांत अशी हकीकत आहे की, एका वर्षी ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली, तेव्हा दोन्ही बाजूंचे शेतकामकरी नदीवर जमले. कोलियांचे लोक म्हणाले, पाणी दोघांनी वाटून घेतले तर कोणाचेच पीक हाती लागणार नाही. आमचे पीक एका पाण्याने तयार होईल, तेव्हा पाणी आम्हांस द्या. शाक्यांचे लोक म्हणाले, तुमची कोठारे भरल्यावर आम्ही टोपल्या घेऊन तुमच्या दारी हिंडावयाचे काय? शब्दाने शब्द वाढला. एकाने हात टाकला, दुसऱ्याने तो परत केला. मग एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला आणि अखेर ज्यांनी कधी नांगरास हात लावला नव्हता, ते क्षत्रिय शस्त्रे घेऊन नदीकाठी उभे राहिले. शाक्य आणि कोलिय हे एकमेकांचे सोयरे होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

ही कथा बौद्ध देशांत शतकानुशतके सांगितली जात होती. परंतु बुद्धाच्या गृहत्यागाचे मर्म येथेच शोधले पाहिजे, असे मराठी वाचकांपुढे आग्रहाने मांडले ते आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचा पूर्वार्ध १९४० साली व उत्तरार्ध १९४१ साली प्रसिद्ध झाला. युरोपात त्या वेळी दुसरे महायुद्ध पेटले होते. पाण्याच्या वाटणीवरून शस्त्रांपर्यंत गेलेली माणसे ही त्या काळी केवळ पुराणातली गोष्ट राहिलेली नव्हती.

या ग्रंथामागे एका विलक्षण आयुष्याची तपश्चर्या उभी होती. धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. प्रकृती नाजूक असल्याने शाळेतले शिक्षण जेमतेम झाले आणि लहान वयातच घरच्या माडांच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. लग्नही लवकर झाले. मन मात्र संसारात रमत नव्हते. तुकारामांच्या चरित्राने त्यांस प्रथम धीर दिला. पुढे ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले गौतम बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, याहून अधिक माहिती त्या काळी सामान्य मराठी माणसास क्वचितच असे. कार्ले, भाजे, नाशिक, अजिंठा येथील लेणी लोक पाहत. परंतु त्यांतील बहुतेक पांडवांच्या नावावर खपत. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे मराठी बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले, तेही १८९८ सालीच. ज्या भूमीत डोंगर पोखरून भिक्षूंसाठी निवारे कोरले गेले, त्याच भूमीत बुद्धाचे वचन मूळ भाषेत वाचू शकणारा मनुष्य मिळणे दुरापास्त झाले होते.

१८९९ च्या डिसेंबरात धर्मानंदांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेऊन ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत स्वरूपात पाहावा म्हणून १९०२ साली ते नेपाळात गेले. परंतु तेथे जे दिसले त्याने त्यांची निराशाच झाली. मग बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपात पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी बसून त्यांनी पाली भाषा आत्मसात केली आणि तेथेच श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले. जी विद्या येथूनच समुद्रापार गेली होती, ती परत आणण्यासाठी गोव्याच्या एका अर्धशिक्षित तरुणाला समुद्र ओलांडावा लागला.

१९०६ साली चीवर उतरवून ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. आशुतोष मुखर्जी यांच्या पाठिंब्याने कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनाची सोय झाली होती. तेथे मान होता, स्थैर्य होते आणि पुढे उत्कर्षाची खात्रीही होती. परंतु धर्मानंदांच्या मनाची ओढ निराळी होती. आपल्या लोकांस, आपल्या भाषेत, बुद्ध सांगावा हे त्यांचे ध्येय होते. वडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि ग्रंथरचना करावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कलकत्त्याचे वेतन याहून पुष्कळ अधिक होते. तरी धर्मानंदांनी हे ५० रुपये पसंत केले. वडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि पाली जाणणाऱ्या मराठी विद्वानांची एक पिढी उभी राहिली.

याच काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस पाचारण केले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतले होते. परंतु १८९९ साली त्याचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० पासून १९३२ पर्यंत चार वेळा अमेरिकेस गेले. श्रेयावरून मतभेद झाले, विलंब झाला आणि वॉरन व कोसंबी या दोघांच्या नावांनी ती आवृत्ती निघाली १९५० साली, म्हणजे धर्मानंदांच्या मृत्यूनंतर. दरम्यान १९४० साली त्यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून प्रसिद्ध करविली होती.

अशा अधिकारी अभ्यासकाने बुद्धचरित्र लिहावयास घेतले, तेव्हा सर्वपरिचित कथेवर त्याने प्रथम परीक्षकाची दृष्टी टाकली. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांना पाहून राजपुत्रास वैराग्य आले आणि झोपलेल्या पत्नीकडे व पुत्राकडे एक वेळ पाहून तो मध्यरात्री निघून गेला, हे चित्र चित्रकारांना आणि कवींना प्रिय आहे. धर्मानंदांनी दाखवून दिले की, ही कथा ‘महापदान सुत्ता’त विपस्सी नावाच्या पूर्वबुद्धाविषयी आलेली असून ती मागाहून गौतमाच्या चरित्रास जोडली गेली. ‘अरियपरियेसन सुत्ता’त स्वतः बुद्ध सांगतो की, आईबाप अनुमती देत नसताना, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत असताना, आपण केस कापून घराबाहेर पडलो. मग चोरून जाण्याची गोष्ट उरते कोठे? शुद्धोदन हाही कोणी सार्वभौम राजा नव्हता. शाक्यांचे छोटे गणराज्य कोसल देशाच्या अंकित होते आणि शुद्धोदन हा शेती करणारा एक प्रतिष्ठित शाक्य होता.

मग गृहत्यागाचे कारण कोणते? येथे धर्मानंदांनी ‘सुत्तनिपाता’तील ‘अत्तदण्ड सुत्त’ पुढे केले. हे सुत्त फार प्राचीन मानले जाते. त्यात बुद्ध आपल्या मनाला बसलेल्या धक्क्याची हकीकत सांगतो. माणसाने शस्त्र हाती घेतले, त्यातूनच भय निर्माण झाले, असा त्याचा आशय आहे. आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांशी झगडताना त्याने पाहिली आणि त्याचे मन उद्विग्न झाले. या सुत्ताचा रोहिणीच्या कलहाशी संबंध जोडून धर्मानंदांनी असे मत मांडले की, आप्तांमधील शस्त्राच्या व्यवहाराला विटूनच गौतमाने गृहत्याग केला. वार्धक्य आणि मृत्यू हे तर सर्वांच्याच वाट्याला येतात. परंतु माणसाने माणसाला दिलेले दुःख टाळता येण्याजोगे आहे. त्याचे मूळ शोधावे आणि ते उपटून काढावे, यासाठी तो घराबाहेर पडला.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे सावध राहणे इष्ट. अट्ठकथांत रोहिणीचे भांडण गौतम बुद्ध झाल्यानंतरचे म्हणून येते. तो स्वतः दोन सैन्यांच्या मध्ये जाऊन विचारतो, पाण्याचे मोल किती? थोडे, असे उत्तर येते. क्षत्रियांच्या जीविताचे मोल किती? ते अमोल आहे, असे उत्तर येते. मग अल्पमोलासाठी अमोलाचा नाश का करता, या प्रश्नापुढे दोन्ही पक्ष निरुत्तर होतात. हा प्रसंग गृहत्यागापूर्वी नेणे हे धर्मानंदांचे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते स्वीकारले पाहिजे. परंतु ‘अत्तदण्ड सुत्ता’तली व्यथा हे अनुमान नव्हे. ती ग्रंथात आहे आणि तिच्यामुळे बुद्धाचा उपदेश अरण्यातून गावात, किंबहुना गावाच्या बांधावर येऊन उभा राहतो.

धर्मानंदांच्या लेखनाचे आजच्या जीवनाशी नाते जुळते ते येथे. बुद्धाचा धर्म म्हणजे केवळ ध्यान आणि निर्वाण, असा समज पुष्कळांचा असतो. त्रिपिटकात मात्र राजा, व्यापारी, मजूर, नोकर, पती-पत्नी या सर्वांच्या व्यवहाराचा विचार आहे. ‘कूटदन्त सुत्ता’तला महाविजित राजा मोठा यज्ञ करण्याची इच्छा धरतो. राज्यात चोर-लुटारूंचा सुळसुळाट झालेला असतो. त्याचा पुरोहित सांगतो की, वध, बंधन आणि दंड यांनी हा उपद्रव थांबणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. जे शेती करू इच्छितात त्यांस बी-बियाणे द्या, जे व्यापार करू इच्छितात त्यांस भांडवल द्या, जे राजसेवेत आहेत त्यांस योग्य वेतन द्या. लोक आपापल्या कामात गुंतले की दारे उघडी टाकून झोपता येईल. पुढे जो यज्ञ झाला त्यात गाई-बकरी मारली गेली नाहीत, झाडे तोडली गेली नाहीत आणि मजुरांना दंडाच्या धाकाने रडत राबावे लागले नाही. ‘भगवान बुद्ध’ ग्रंथातील यज्ञविचाराच्या प्रकरणात धर्मानंदांनी या सुत्ताला महत्त्वाचे स्थान दिले आहे.

याच्याच जोडीचे ‘चक्कवत्तिसीहनाद सुत्त’ आहे. त्यातला राजा प्रजेचे रक्षण करतो, परंतु निर्धनांस धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी उद्भवते. पहिल्या चोराला राजा द्रव्य देतो, तेव्हा चोरी केल्याने द्रव्य मिळते असे पाहून आणखी लोक चोऱ्या करू लागतात. मग राजा शिरच्छेद आरंभतो, तेव्हा लोकही धारदार शस्त्रे घडवून घेतात. उपाय उशिरा योजला की दानही निष्फळ आणि दंडही निष्फळ होतो, हे या कथेतले निदान आजच्या कोणत्याही राज्यकर्त्याने मनन करावे असे आहे. ‘सिगालोवाद सुत्ता’त गृहस्थाने मिळकतीचा एक भाग उपभोगासाठी ठेवावा, दोन भाग व्यवसायात घालावेत आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखावा, असा हिशेब आहे. त्याच ठिकाणी धन्याची कर्तव्येही सांगितली आहेत. नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, वेळोवेळी रजा द्यावी. कारखान्यांचे कायदे होण्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे हा विचार मुखोद्गत परंपरेने जपला गेला होता.

धर्मानंद केवळ ग्रंथात रमणारे पंडित राहिले नाहीत, याचे कारणही हेच. अमेरिकेत असतानाच समाजवादाच्या वाङ्मयाने त्यांचे लक्ष वेधले होते. १९२२ नंतर महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी पुरातत्त्व मंदिरात काम केले. १९२९ साली ते लेनिनग्राडला जाऊन आले. १९३० साली परत आल्यावर मिठाच्या सत्याग्रहात पडून त्यांनी तुरुंगवासही सोसला. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ हा त्यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. अहिंसेला प्रज्ञेची जोड नसेल तर ती दुबळी ठरते आणि प्रज्ञेला अहिंसेची जोड नसेल तर ती संहारक होते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. बौद्ध भिक्षूंविषयीही त्यांनी भीड ठेवली नाही. संघ राजाश्रयाला आणि विहारांच्या मालमत्तेला चिकटला, बहुजनांपासून दूर गेला आणि म्हणून या देशात त्याचे मूळ सुकले, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. ज्या धर्मासाठी आयुष्य वेचले त्याचेही दोष झाकू नयेत, ही त्यांची वृत्ती होती.

१९३७ साली मुंबईत परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा राहिला. त्यासाठी द्रव्य उद्योगपती जुगलकिशोर बिर्ला यांनी दिले आणि तेथे कामकरी व दलित वस्तीतील लोकांमध्ये धर्मानंद काही काळ राहिले. बहुजनांचे हित हे बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्षूंना नेमून दिलेले कार्य होते. ते कार्य गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न आकाराने लहान होता, परंतु त्याची दिशा अचूक होती.

त्या दिशेने विशाल जनसमुदाय चालू लागला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. विद्यार्थिदशेत त्यांना केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले होते आणि १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी त्यांस शिष्यवृत्ती दिली ती सयाजीराव महाराजांनीच. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने त्यापूर्वी रोगी किंवा मृत पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटत नाही, असे सांगून त्यांनीही जुनी कथा बाजूस सारली आणि रोहिणीच्या पाण्यावरून ठरलेल्या युद्धास सिद्धार्थाने शाक्यांच्या सभेत केलेला विरोध हेच गृहत्यागाचे कारण मानले. कोसंबींच्या विवेचनाशी असलेले याचे साम्य कोणाही वाचकाच्या ध्यानात यावे. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. त्यांच्या घरांत बुद्धाची जी कथा वाचली जाते, तिच्या आरंभी एका नदीच्या पाण्याचे भांडण आहे.

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या त्यागाची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा त्यांची पहिली मुलगी काही आठवड्यांचीच होती. पत्नी बाळाबाई यांनी सुमारे सात वर्षे पतीची वाट पाहिली. आपला गृहत्याग धर्मानंदांनी १९२४ साली निघालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात नोंदविला आहे. संसाराकडे परतल्यावर त्यांनी मुलांच्या शिक्षणाची हयगय केली नाही. मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांस १९१८ साली ते बरोबर अमेरिकेस घेऊन गेले. हाच दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर मान्यता पावला. तरीही बाळाबाईंची ती वर्षे परत आली नाहीत. दुःखाचा उगम शोधण्यास निघालेल्या माणसाच्या मागे घरात एक दुःख राहतेच; यशोधरेच्या बाबतीतही ते राहिले होते. आदरापोटी त्याकडे डोळेझाक करणे हे धर्मानंदांच्या सत्यनिष्ठेशी विसंगत ठरेल.

त्यांचा अंतही विचार करावयास लावणारा आहे. पार्श्वनाथाचे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे चार याम त्यांना अतिशय मोलाचे वाटत. बुद्धाने त्यांत समाधी आणि प्रज्ञेची भर घातली, असे त्यांचे मत होते. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ त्यांच्या मागे, १९४९ साली, प्रसिद्ध झाला. वार्धक्य आणि व्याधी यांनी शरीर निकामी झाल्यावर ते इतरांवर भार म्हणून ठेवू नये, या विचाराने त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी या मूक सेवकाचे गुण गायिले. त्यांचा हा निर्णय सर्वांनी अनुकरावा असा नाही आणि त्यांच्या सर्व निष्कर्षांशी विद्वान सहमतही नाहीत. परंतु उपदेश आणि आचरण यांत अंतर पडू नये यासाठी त्यांनी जी धडपड केली, तिच्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्रास मिळते. तिच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात उद्भवलेल्या तंट्यासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला आणि २०१८ साली त्याने निवाडा दिला. दोन्ही तीरांवरच्या माणसांची गरज खरी असते. शाक्यांची खरी होती, कोलियांचीही खरी होती. शेतकामकरी नदीवर जमले तेव्हा तो प्रश्न एका पाळीच्या पाण्याचा होता. कुळांचा उद्धार झाल्यावर तो मानापमानाचा झाला आणि शस्त्रे आल्यावर पाण्याची आठवण कोणास राहिली नाही. बुद्धाने दोन सैन्यांना केलेला प्रश्न मूळ मोजमापाकडे परत नेणारा होता. मोजमाप माणसांनीच करावयाचे असते आणि तेही पहिली शिवी उच्चारली जाण्यापूर्वी. सांखवाळच्या धर्मानंदांनी समुद्रापलीकडून जी विद्या परत आणली, तिच्यातला हा धडा नदीकाठच्या प्रत्येक गावाला उपयोगी पडेल असा आहे.